मोटारसायकल धुण्या-पुसण्यासाठी शेडमध्ये दिवे कुठले आणि कुठे लावावेत?

निळा_फडका

घराला लागून पत्र्याची शेड आहे. आतून १० फूट रुंद, १५ फूट लांब, पत्रा ९ फुटांवर. मधोमध ३५० सीसीची एकच गाडी उभी असते. टाकी काळी, चाकं स्पोकची, क्रोम भरपूर. सध्या बरोबर गाडीच्या डोक्यावर २० वॅटची एक एलईडी ट्यूब आहे. टाकी वरून लख्ख दिसते, पण इंजिनाच्या पात्या, चेन, रिमची आतली बाजू आणि मडगार्डच्या पोटात अंधार. दुकानदाराचं म्हणणं, ५० वॅटचा फ्लडलाइट मारा, काम संपलं.

धुणं संध्याकाळीच होतं. उन्हात शाम्पू अंगावरच वाळतो आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग उठतात. तर उजेड किती हवा, कुठल्या रंगाचा, आणि पाणी उडतं तिथे काय टिकतं? भिंती विटांच्या, गिलावा झालेला, रंग अजून नाही. म्हणजे हवे ते बदल आत्ताच करता येतील.

चोक_स्टार्टर

फ्लडलाइट नकोच. ५० वॅटच्या फ्लडलाइटमधून साधारण ५००० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) निघतात, म्हणजे २० वॅटच्या अडीच ट्यूबइतकेच. फरक एवढाच की तो सगळा उजेड तळहाताएवढ्या काचेतून एका दिशेने येतो. समोर आलेली प्रत्येक वस्तू मागे काळीकुट्ट सावली टाकते आणि क्रोमवर पांढरा ठिपका उठून डोळे दिपतात. डोळे एकदा दिपले की शेजारची अंधारी फट आणखीच अंधारी दिसते. वॅट वाढतात, दिसणं वाढत नाही.

आता हिशोब. १० x १५ फूट म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. धुण्यापुरते ३०० लक्स (चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) पुरतात, पण घाण खरंच निघाली का हे बघायला ५०० हवेत. ५०० x १४ म्हणजे ७००० ल्युमेन. दिव्यातून निघालेला सगळा उजेड कामाच्या जागी पोचत नाही. थोडा भिंती खातात, थोडा धूळ खाते. अशा शेडमध्ये ०.५५ धरून भागलं की १२,७०० येतात. चांगल्या एलईडी ट्यूबमधून वॅटला १०० ल्युमेन मिळतात, तर एकूण १२० वॅटच्या आसपास जाऊन थांबायचं. तुमच्या सध्याच्या एका ट्यूबने सरासरी ८० लक्सही मिळत नसतील.

ट्यूब घेताना वॅट बघू नका, खोक्यावर छापलेले ल्युमेन बघा. २० वॅटच्या नावाखाली १६०० ल्युमेनच्या ट्यूबाही विकल्या जातात.

आणि भिंतींना पांढरा, बिनचमकीचा रंग द्या. सगळ्यात स्वस्त दिवा तोच. गडद भिंती असतील तर वरचा ०.५५ चा आकडा ०.४० च्याही खाली जातो. ऑइलपेंट मात्र नको, ओल्या ऑइलपेंटमध्ये ट्यूबांची प्रतिबिंबं चमकतात.

ग्रीसगन

+१. पण १२,००० ल्युमेन सगळे छताला टांगले तरी दुखणं तिथेच राहील. गाडीची घाण खाली असते. टाकी आणि सीट ही दोन छपरं आहेत, त्यांच्या खाली वरचा उजेड शिरतच नाही. त्यात आपण चेनजवळ वाकून बसलो की स्वतःचं डोकं मध्ये येतं.

वरच्या ट्यूबा गाडीच्या डोक्यावरून काढा. गाडीच्या मध्यरेषेपासून डावीकडे ३ फूट आणि उजवीकडे ३ फूट अशा दोन रांगा, गाडीच्या लांबीला समांतर. एका रांगेत ४ फुटी दोन ट्यूबा. म्हणजे वर चार, ८० वॅट. उरलेले ४० वॅट खाली भिंतीवर. दोन्ही भिंतींना अडीच फूट उंचीवर एकेक ४ फुटी ट्यूब आडवी मारली की इंजिन, सायलेन्सर, स्पोक सगळं उजळतं.

रांगा लांबीला समांतर घेण्याचा आणखी एक फायदा. टाकीवर ट्यूबची लांब सरळ रेघ उमटते. बारीक पोचा असेल तिथे ती रेघ वाकते. फडका मारता मारता टाकी तपासून होते.

काटकोन

ग्रीसगन, वरच्या रांगा पटल्या. भिंतीवरची आडवी ट्यूब मात्र नेमकी तिथेच मार खाते. मापं मांडून बघा.

भिंत मध्यरेषेपासून ५ फुटांवर. इंजिनाची बाजू मध्यरेषेपासून साधारण ०.७ फूट बाहेर, म्हणजे भिंत तिथून ४.३ फूट. माणूस स्टुलावर बसला की त्याची पाठ इंजिनापासून १.३ फुटांवर. खांद्यांची रुंदी दीड फूट. इंजिनावरच्या एका बिंदूवरून भिंतीकडे पाहिलं तर ही पाठ भिंतीचा किती भाग झाकते? १.५ x ४.३ ÷ १.३, जवळजवळ ५ फूट. तुमची ट्यूब ४ फुटांची. इंजिनाच्या समोर मधोमध लावली असेल तर अख्खी पाठीआड गेली.

तेवढेच ४० वॅट घ्या, पण २ फुटी, १० वॅटच्या चार ट्यूबांमध्ये वाटा आणि उभ्या लावा. प्रत्येक भिंतीवर दोन. एक इंजिनाच्या ३.५ फूट पुढे, दुसरी ३.५ फूट मागे. दोघींमध्ये ७ फुटांचं अंतर पडतं, त्यामुळे पाठीच्या दोन्ही अंगांनी उजेड आत येतो. शिवाय तो तिरपा येतो. तिरप्या उजेडात पात्यांमधला चिखलाचा बारीक पापुद्र्याएवढा थरही सावली टाकतो आणि दिसतो. समोरून सरळ आलेला उजेड तेच सपाट करून टाकतो.

ग्रीसगन

हिशोब मान्य. उभ्या दोन-दोनच बऱ्या.

वायरमन_मिरज

उंचीचं ठरवायच्या आधी जरा थांबा मंडळी. खाली दिवे म्हणजे खाली वायर आणि खाली वायर म्हणजे पाणी आणि पेट्रोल दोन्ही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते, कोपऱ्यात साठते. अमेरिकेच्या वायरिंग नियमांत दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये, वारा खेळता नसेल तर, जमिनीपासून १८ इंचांपर्यंतचा पट्टा पेटण्याच्या धोक्याचा धरतात. आपल्या शेडलाही तोच अंदाज लावा. उभ्या ट्यूबचं खालचं टोक जमिनीपासून २ फुटांवर, वरचं ४ फुटांवर. स्विच आणि प्लगचे बोर्ड ४ फुटांच्या वर. ठिणगी दिव्यात नाही पडत, ती पडते स्विचमध्ये आणि पिन ओढून काढताना. कार्ब्युरेटर रिकामा करायचा असेल, टाकी उतरवायची असेल, तर दोन्ही दारं उघडी आणि तेव्हा खालचे दिवे चालू-बंद करायचे नाहीत. जे चालू आहेत ते चालू राहू द्या.

पाण्याचं. खोक्यावर आयपी लिहून दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. घरातली साधी ट्यूब आयपी २०, म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य. वरच्या रांगेला कमीत कमी ४४, खालच्या चारींना ६५ घ्या. बाजारात 'ट्रायप्रूफ' म्हणून मिळतात, पॉलिकार्बोनेटच्या बंद पन्हाळीतल्या. ६५ मधला ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीने मिनिटाला १२.५ लिटर पाणी, अडीच-तीन मीटरवरून. बागेच्या पाइपाचा मारा तो दिवा सोसतो. प्रेशर वॉशर १०० बारच्या वर मारतो, त्याच्यासाठी हा आकडा नाहीच. वॉशरचं तोंड दिव्याकडे न्यायचं नाही, संपलं.

सर्किट असं करा: शेडला वेगळी लाइन, सुरुवातीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), पुढे दिव्यांना ६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि १.५ चौरस मिमी तांब्याची वायर. वॉशरच्या प्लगला वेगळा १६ अँपिअरचा एमसीबी आणि २.५ चौरस मिमी. वॉशर १८०० वॅटचा असेल तर चालताना ८ अँपिअरच्या आसपास ओढतो, पण मोटर उठताना त्याच्या कितीतरी पट. दिव्यांच्या लाइनवर लावला तर एमसीबी पडेल नाहीतर उजेड डुचमळेल.

आरसीसीबी एकटा पुरत नाही. तो गळती पकडतो, ओव्हरलोड पकडत नाही. एमसीबी ओव्हरलोड पकडतो, गळती पकडत नाही. दोन्ही लागतात. आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

निळा_फडका

चांगली माहिती, वाखूसा (वाचनखूण साठवली). दोन प्रश्न. घरची वायरिंग जुनी आहे, वायरमन म्हणतो आरसीसीबी लावला तर सारखा पडेल. आणि आत्ताची ट्यूब बंद केल्यावरही अंधारात मंद चमकत राहते, ते कशामुळे?

वायरमन_मिरज

पहिल्याचं कारण बहुतेक सामाईक न्यूट्रल. जुन्या घरांत दोन सर्किटांचे न्यूट्रल एकाच वायरीला बांधलेले असतात. आरसीसीबी गेलेला करंट आणि परत आलेला करंट तोलतो. शेडचा करंट दुसऱ्याच न्यूट्रलने परत गेला की तोल बिघडतो आणि तो पडतो. दोष त्याचा नाही. मेन बोर्डापासून शेडला फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही नवे ओढा, आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल घरातल्या कुठल्याही न्यूट्रलला जोडू नका. मग नाही पडणार.

दुसरं जास्त गंभीर आहे. बंद ट्यूब चमकते याची मुख्य कारणं दोन. एक, स्विचमध्ये छोटा इंडिकेटर दिवा आहे, त्याच्यातून किंचित करंट जातो. ते चालण्यासारखं. दोन, स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलाय. म्हणजे स्विच बंद केला तरी ट्यूबपर्यंत फेज जिवंत आहे. ओल्या हाताने ती फिटिंग पुसायला गेलात तर काय होईल ते सांगायला नको. टेस्टर लावून आजच तपासा.

जाता जाता: जुन्या चोकच्या पट्टीत एलईडी ट्यूब घुसवण्याचा प्रकार शेडमध्ये नको. काही ट्यूबांना करंट एका टोकाने लागतो, काहींना दोन्ही टोकांनी. उद्या दुसऱ्या कुणी चुकीची ट्यूब बसवली की एका टोकाची पिन उघडी आणि जिवंत राहू शकते. पट्टी, चोक, स्टार्टर सगळं काढा, अखंड बॅटनच (ट्यूब आणि पट्टी एकत्र असलेला दिवा) लावा.

ओरखडा

रंगाचं कुणीच बोललं नाही, तर ते मी घेतो.

आपल्याकडे दुकानात ६५०० केल्विनची निळसर पांढरी ट्यूब सर्रास देतात. ४००० मागून घ्या, 'नॅचरल व्हाइट' म्हटलं की देतात. ६५०० मध्ये क्रोम छान चमकतं खरं, पण गंज आणि जुनं ग्रीस दोन्ही करडट तपकिरी दिसतात. चेनच्या बाजूच्या पट्ट्यांवर गंज आहे की वाळलेला वंगणाचा थर, हे नीट कळायला लाल रंग शाबूत दिसावा लागतो. त्यासाठी सीआरआय बघायचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा. बहुतेक बॅटनवर ८० असतो. त्या ८० मध्ये गडद लाल रंगाची परीक्षा धरलेलीच नसते, ती 'आर ९' या नावाने वेगळी मोजतात, आणि ८० वाल्या एलईडीत ती शून्याच्या आसपासही असू शकते. वरच्या चार ट्यूबा ८० च्या चालतील. खालच्या चार ९० च्या मिळाल्या तर घ्या. नाही मिळाल्या तर एक ९० चा हातदिवा ठेवा.

काळ्या टाकीचा प्रश्न अजून वेगळा आहे. चुकीच्या फडक्याने पडलेले गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे ट्यूबच्या पसरट उजेडात दिसतच नाहीत. ते फक्त एकाच ठिपक्यातून येणाऱ्या उजेडात दिसतात, म्हणून शेडमध्ये चकाचक वाटलेली टाकी दुसऱ्या दिवशी उन्हात बघवत नाही. पॉलिश करताना वरच्या ट्यूबा बंद करा, छोटा टॉर्च एक-दीड फुटावरून तिरपा धरा आणि हळूहळू फिरवा. बघायच्या आधी ४ भाग पाण्यात १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पुसून घ्या. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं आणि ते गेल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही. हे पुसताना टॉर्च बॅटरीचाच असू दे आणि दार उघडं, अल्कोहोलही पेट घेतं.

पांढरी किंवा चंदेरी टाकी असेल तर उलट. तिथे निळसर उजेडात सगळंच पांढरं दिसतं. ३००० केल्विनच्या पिवळ्या टॉर्चमध्ये उरलेलं वॅक्स आणि ओरखडे लवकर सापडतात. मॅट रंगाच्या टाकीला हे काहीच लागू नाही, कारण तिला पॉलिश करायचंच नसतं. घासाल तिथे चमकदार डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही.

स्पोक३६

फ्लिकर राहिलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त ड्रायव्हरची (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटची) ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना कळत नाही, पण फिरत्या चाकावर भ्रम तयार होतो.

३६ स्पोकांचं चाक घ्या. सेकंदाला १०० स्पोक एकाच जागेवरून जायला चाक सेकंदाला २.७८ फेरे फिरायला हवं. १८ इंची चाकाचा टायरसकट घेर साधारण २ मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटर. मेन स्टँडवर गाडी पहिल्या गिअरमध्ये चालू ठेवून थोडा अ‍ॅक्सिलरेटर पिळला की हा वेग सहज येतो. अशा उजेडात फिरणारे स्पोक थबकल्यासारखे दिसतात. फडका धरलेला हात आत गेला तर बोटं चेन आणि स्प्रॉकेटमध्ये.

फ्लिकर नसला तरी इंजिन चालू ठेवून चेन पुसायची नाही, हे वेगळं सांगतो. न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं.

दुकानात तपासणी: मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावून ट्यूब शूट करा. उजेड धडधडताना दिसला किंवा पडद्यावर काळे पट्टे सरकले की ती ट्यूब परत ठेवायची. चांगल्या ड्रायव्हरच्या ट्यूबमध्ये चित्र स्थिर राहतं. दुकानदार चिडला तर चिडू द्या.

चोक_स्टार्टर

याला जोडून: मोबाइलमधल्या लक्स मोजायच्या ॲपचा आकडा खरा धरू नका, प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळा वाचतो. पण त्याच फोनने टाकीवर, इंजिनाशी आणि मागच्या स्प्रॉकेटपाशी मोजून तुलना करता येते. स्प्रॉकेटचा आकडा टाकीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी आला तर खालच्या ट्यूबांची जागा हलवा, वर ट्यूब वाढवू नका.

खारा_वारा

किनारपट्टीवाल्यांसाठी वेगळं. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत ट्रायप्रूफ फिटिंगचं प्लास्टिक धड राहतं आणि लोखंडी क्लिपा आधी गंजून तुटतात. क्लिप तुटली की झाकण सैल, झाकण सैल की आयपी ६५ कागदावरच. स्टेनलेस स्टीलच्या क्लिपांचं फिटिंग मागा, नाहीतर क्लिपा वेगळ्या घेऊन बदला. स्क्रूसुद्धा स्टेनलेसचेच.

वायर जिथून आत शिरते तिथला ग्लँड (वायरीभोवती आवळायचं रबरी सीलचं बूच) नीट आवळा. २ फुटी दिवा उभा लावताना ग्लँडचं तोंड खाली. वर राहिलं तर पाणी वायरीवरून ओघळत थेट आत जातं. वायरीला ग्लँडच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे थेंब झोलावरून गळून पडतो.

निळा_फडका

खाली ट्यूबऐवजी १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावली तर? शॉकची भीतीच नको.

वायरमन_मिरज

कल्पना चुकीची नाही, पण १२ ऐवजी २४ व्होल्टची घ्या. मीटरला १४.४ वॅटची ५ मीटर पट्टी म्हणजे ७२ वॅट. १२ व्होल्टवर तिला ६ अँपिअर लागतात, २४ वर ३. करंट जास्त तितकी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला व्होल्टेजची घट जास्त, म्हणून १२ व्होल्टची लांब पट्टी टोकाला मंद पडते. दोन्ही टोकांनी सप्लाय दिला तर घट कमी होते. पॉवर सप्लाय १०० वॅटचा, म्हणजे तो पूर्ण क्षमतेला रेटत नाही. तो वर, कोरड्या जागी बसवा. खाली फक्त २४ व्होल्ट येऊ द्या.

पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत दुधी झाकणाखाली बसवा. नुसती चिकटवली तर गोंद उष्णतेने सुटतो, शिवाय क्रोमवर ठिपक्यांची माळ दिसते. सिलिकॉनचा थर असलेल्या पट्टीवर डिग्रीजर आणि डिझेलचे शिंतोडे बसले की ती खराब होत जाते.

साध्या ट्यूबा घेणार असाल तर खाली धातूच्या अंगाच्या नको. स्वस्त बॅटनमध्ये ड्रायव्हर मेनपासून वेगळा केलेला नसतो, पाणी शिरलं तर अंगावर करंट येऊ शकतो, आणि अर्थची तिसरी वायर तर कंपनीने दिलेलीच नसते.

काटकोन

पत्र्याखालच्या उष्णतेचंही बघा. मे महिन्यात दुपारी पत्रा हात लावू देत नाही. बॅटन पत्र्याला चिकटवली तर ड्रायव्हरमधले कपॅसिटर लवकर वाळतात आणि ट्यूब वर्ष-दोन वर्षांत लुकलुकायला लागते. पत्र्याखाली ६ ते ८ इंच अंतर सोडून दोन भिंतींमध्ये जीआय पाइप टाका आणि ट्यूबा त्याला बांधा. पत्र्याचा थरथराटही मग ट्यूबांपर्यंत पोचत नाही.

ग्रीसगन

हातदिव्याबद्दल थोडं, कारण शेवटची घाण तोच दाखवतो.

तळाला चुंबक असलेला, चार्ज होणारा, ३०० ते ५०० ल्युमेनचा पुरे. चुंबक इंजिनाला चिकटत नाही, इंजिन ॲल्युमिनियमचं असतं. फ्रेमच्या नळीला, मेन स्टँडला, लोखंडी कपाटाला चिकटतो. टाकीला चिकटतो पण तिथे लावायचा नाही, चुंबकाखाली अडकलेला एक मातीचा कण ओरखडा काढायला पुरतो.

धरायचा कसा हे कामावर ठरतं. ब्रेक पॅडची जाडी बघायला दिवा कॅलिपरच्या पलीकडून धरा आणि अलीकडून फटीतून पाहा. पॅडचं उरलेलं मटेरियल काळ्या पट्टीसारखं उठून दिसतं. फोर्कच्या चकचकीत नळीवर दिवा वरून खाली, नळीला जवळजवळ टेकवून सरकवा. गंजाचा टोचा आणि सीलजवळचं तेलाचं कडं तेव्हाच दिसतं. ऑइलच्या गोल काचेवर समोरून मारला तर नुसतं प्रतिबिंब येतं, बाजूने ४५ अंशात मारा. स्पोकांच्या निपलांसाठी दिवा चाकाच्या पलीकडे जमिनीवर ठेवा, उजेड स्पोकांमधून आपल्याकडे यायला हवा.

डोक्याला बांधायचा दिवा चेनला चांगला, ओल्या गाडीला वाईट. उजेड डोळ्यांच्याच रेषेत जातो आणि प्रत्येक थेंबावरून परत डोळ्यांतच येतो.

५०० वॅटचा जुना हॅलोजन कुणाकडे पडला असेल तर तो अजिबात काढू नका. त्याची काच इतकी तापते की पाण्याचा शिंतोडा बसला तर तडकते, आणि चेन धुताना पेट्रोल-डिझेल उडतं तिथे असली तापलेली वस्तू नकोच. चेनला तसंही पेट्रोल वापरू नये, ओ-रिंगच्या चेनमधल्या रबरी रिंगा खराब होतात. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर चेन क्लीनर.

पार्किंग_१४

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगवाल्यांचं काय? तिथे खिळा ठोकायला परवानगी नाही आणि सामाईक मीटरवरून प्लग घेतला तर सभेत विषय निघतो.

ग्रीसगन

दोन चार्जिंगचे १००० ल्युमेनचे दिवे आणि दोन घडीचे ट्रायपॉड. एक पुढच्या चाकाच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरा मागच्या चाकाच्या उजव्या, उंची ३ फूट. समोरासमोर नाही, तिरपे. एका बाजूचं काम झालं की दोन्ही उचलून आरशासारखे उलट मांडायचे. पूर्ण उजेडावर दीड-दोन तास देतील एवढी बॅटरी आहे का ते विकत घेताना विचारा, कारण खोक्यावरचे ८ तास हे मंद उजेडाचे असतात.

स्पोक३६

पार्किंगमध्ये बहुतेक सेन्सरचे दिवे असतात. त्यातला साधा सेन्सर हलणारी उष्णता बघतो. आपण गाडीआड बसलो की त्याला दिसत नाही आणि ऐन चेनच्या वेळी अंधार. वॉचमनला सांगून वेळ १० मिनिटांवर करून घेता येते, सेन्सरच्या पोटाशी फिरवायची छोटी खुंटी असते. आपल्या शेडमध्ये सेन्सर लावायचाच असेल तर दाराशी एका दिव्याला लावा. कामाच्या दिव्यांना साधा स्विच.

निळा_फडका

स्विच किती घेऊ? आणि पावसाळ्यात संध्याकाळी दिवा लावला की पाखरं येतात, ओल्या वॅक्सवर चिकटतात. त्यावर काही?

वायरमन_मिरज

तीन स्विच. वरची डावी रांग, वरची उजवी रांग, खालचे चारही एकत्र. ओरखडे बघताना वरचं सगळं बंद करता यायला हवं म्हणून हे वेगळे. पाखरांसाठी बाहेर छपराखाली एक वेगळा दिवा, त्याला चौथा स्विच.

ओरखडा

त्या बाहेरच्या दिव्याला ६५०० चा निळसर बल्ब लावा, १२ वॅटचा, दारापासून १०-१२ फूट दूर. पाखरं निळसर उजेडाकडे जास्त ओढली जातात, आतल्या ४००० कडे कमी. वॅक्स लावायच्या अर्धा तास आधी बाहेरचा लावून ठेवा आणि आत फक्त खालचे चार चालू ठेवा. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या निघतात त्या दोन-चार संध्याकाळी मात्र वॅक्सचं काम काढूच नका, कुठलाही बल्ब उपयोगी पडत नाही.